पाठीची पैसेवारी

बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. एक, आभाळाकडं बघणं, दुसरी, पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज. सप्टेंबर सरता सरता नजर पैसेवारी निघते, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. दुष्काळ ठरवायचे सरकारी निकष मधल्या काळात बदलले, पण पैसेवारी काही निघायची थांबली नाही आणि तिच्यावरची पारावरची चर्चाही. ती पन्नास पैशांच्या आत आली की गाव हळहळतं, आणि थोडं निश्चिंतही होतं. आता कुणीतरी दखल घेईल. खरी पंचाईत एकावन्न पैशांना होते. पीक हातचं गेलेलं असतं, पण कागदावर सगळं बरं चाललेलं असतं.

माझी पाठ गेली कित्येक वर्षं एकावन्न पैशांवर आहे.

एमआरआय काढला, तेव्हा अहवालात मणक्यांच्या चकत्यांबद्दल बरंच काही लिहून आलं आणि शेवटी 'वयोमानानुसार' हा शब्द आला. या शब्दाइतका निर्दय शब्द वैद्यकशास्त्रात दुसरा नसेल. ऑपरेशन करावं इतकं काही नाही, सोडून द्यावं इतकं कमी नाही. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर लोक त्याला जुनाट म्हणतात. माझं तर आता घरातल्या कपाटाइतकं जुनं झालंय. कुठं ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाचं लक्ष जात नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" मी जन्मभर मुलांना गुण दिले, स्वतःला द्यायची वेळ आली तेव्हा गडबडले. सकाळी उठताना सात. चहा झाल्यावर पाच. भांडी घासली की आठ. पाहुणे आले की चार, कारण पाहुण्यांसमोर दुखायची सोय नसते. ते गेले की नऊ. "आत्ताचं सांगा," ते म्हणाले. मी म्हणलं, "आत्ता नजर अंदाज सांगते, अंतिम रात्री कळवते." डॉक्टर आमच्याच जिल्ह्यातल्या केजकडचे निघाले. हसले आणि कागदावर सहा लिहिलं.

मग गोळ्या सुरू झाल्या.

पहिली गोळी फार गुणी. अर्ध्या तासात पाठ गप्प झाली. पण पोटानं तक्रार सुरू केली ती अशी, की पाठ बरी म्हणायची वेळ आली. यातली गंमत १९७१ साली जॉन व्हेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं उलगडली आणि त्याबद्दल १९८२ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. दुखलं-सुजलं की तीच वर्दी देतात, आणि जठराच्या अस्तराची राखणही तीच करतात. अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या ही द्रव्यं तयार होणंच बंद पाडतात. म्हणजे बोंब मारणारा आणि पहारा देणारा जागल्या एकच, आणि आपण त्याचंच तोंड बांधलं. आता चोर पोटात शिरले तर बोलायचं कुणाला?

दुसरी गोळी थोडी वरच्या दर्जाची. तिनं पाठ दुखायची थांबली का ते मला सांगता येणार नाही, कारण घर फिरत होतं. तिसरी नसांची. तिनं इतकी झोप यायची, की भाजीवाला दारात ओरडून गेला तरी मला तो स्वप्नात ओरडल्यासारखा वाटे. शिवाय पावलं सुजली आणि वजन वाढलं. वाढलेलं वजन कुणी उचलायचं, तर पाठीनंच. चौथीनं तोंडाला अशी कोरड पडली, की मे महिन्यातल्या आमच्या बिंदुसरा नदीची आठवण यावी. दर वेळी डॉक्टर विचारायचे, "सोसली का?" आणि मी नापास झालेल्या मुलासारखी मान हलवायची.

तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "आई, तुझं गिधाडांसारखं आहे." आईला गिधाड म्हणणारा मुलगा जन्माला घातल्याचं मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्यानं सांगितलं ते ऐकून मात्र त्या पक्ष्याशी माझं नातंच जुळलं. आपल्याकडं पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं, की आभाळातून गिधाडं उतरायची. ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण काय, तर गाईबैलांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००४ साली शोध लागला, २००६ साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद झालं. त्याऐवजी गिधाडांना चालणारं म्हणून मेलॉक्सिकॅम सुचवलं गेलं. मी मोठ्या आशेनं डॉक्टरांकडं गेले. गिधाडांना ते सोसलं, मला नाही.

इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण सोसणं-न सोसणं ही चैन आहे आणि ती सगळ्यांना परवडत नाही. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावानं होते, यातच सगळं आलं. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे आपणच द्यायचे. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये टाकायची. पोटात बाळ असलं तरी, पाळी असली तरी. याच बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली, आणि तेवढ्यापुरतं बीडचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं.

माझ्या वर्गात शिकलेली एक मुलगी तोडीला जाते. मुलगी म्हणायचं, तिला आता नातू आहे. निघायच्या आदल्या दिवशी ती औषधाच्या दुकानात दिसली. तांदूळ-डाळीच्या यादीत असावा तसा 'अंगदुखीच्या गोळ्यांचा' मोठा पुडा तिनं घेतला. मी शिक्षकी बाण्यानं म्हणलं, "अगं, पोट जाळतात त्या." ती म्हणली, "जाळतात ना बाई. पर पोट दिसभर थांबतंय, टोळी थांबत न्हाई." तिची पैसेवारी कुणी काढत नाही. माझ्या पाठीबद्दल मी जेव्हा जेव्हा फार हळवी होते, तेव्हा ही मुलगी मधे येऊन उभी राहते, आणि तरीही माझी पाठ दुखायची काही कमी होत नाही. दुसऱ्याचं जास्त दुखतंय म्हणून आपलं कमी दुखेल, अशी व्यवस्था देवानं का केली नाही कोण जाणे.

तर गोळ्या संपल्या आणि माणसं सुरू झाली. बाईंना गोळ्या चालत नाहीत ही बातमी अंबाजोगाईत दोन गल्ल्या ओलांडायला वेळ लागला नाही. रुईचं पान तेल लावून गरम करून बांधा. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्या. लसूण-ओवा तेलात कडकवा. डिंकाचे लाडू खा. एका काकूंनी सांगितलं, वांगं बंद करा. दुसऱ्या म्हणाल्या, हरभरा डाळ बंद करा. तिसऱ्यांनी भात बंद केला. सगळ्यांचं ऐकलं असतं तर पाठ राहिली असती आणि मी गेले असते. माझ्या चुलतसासूबाईंचा मात्र ठाम विश्वास पायाळूवर. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते. त्यांनी कुठून तरी एक पायाळू शोधून आणला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याचे वडील माझे विद्यार्थी. बिचारा बूट काढून, मोजे काढून, पाय धुऊन उभा राहिला. बाईंच्या पाठीला पाय कसा लावायचा, या विचारानं त्याला घाम फुटला. शेवटी त्यानं आधी मला वाकून नमस्कार केला आणि मग लाथ मारली. उसण गेली नाही, पण इतक्या अदबीनं मारलेली लाथ मला त्याआधी मिळाली नव्हती.

उपयोग होतो तो शेकाचा. त्याचंही एक शास्त्र आहे. जुन्या धोतराचं मऊ कापड घ्यायचं. नवं कापड चालत नाही, ते उष्णता धरून ठेवायच्या ऐवजी चटका देतं. त्यात नदीची बारीक वाळू, मूठभर जाडं मीठ, चिमूटभर ओवा. गाठ सैल बांधायची, म्हणजे पुरचुंडी पाठीच्या खळग्यात बसते. तवा मंद आचेवर ठेवून पुरचुंडी त्यावर टेकवायची, उचलायची, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. ओव्याचा वास सुटला की समजावं, झालं. पाठीवर ठेवली की पहिला क्षण अंग आक्रसतं, आणि मग आतून काहीतरी सैल पडत जातं. माझी आई शेकून झाल्यावर तळव्यानं चोळायची. ते नुसते लाड नव्हते, हे मला खूप उशिरा वाचायला मिळालं. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं, की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं. दुखण्याची वर्दी त्यातूनच मेंदूकडं जाते. स्पर्शाच्या, चोळण्याच्या संवेदना तिथं गर्दी करतात आणि दुखण्याची वाट अडते. आमच्या आयांना फाटक कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण त्यात पाय घालून उभं कसं राहायचं ते बरोबर माहीत होतं.

दुसरा उपयोग हालचालीचा. पूर्वी पाठ दुखली की डॉक्टर फळीवर झोपवून ठेवायचे. आता म्हणतात, पडून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. म्हणून मी रोज योगेश्वरीच्या देवळापर्यंत जाऊन येते. ज्या दिवशी बरं वाटतं, त्या दिवशी सगळं घर धुऊन काढायची हुक्की येते आणि त्याचं भाडं पुढं तीन दिवस भरावं लागतं. डॉक्टर म्हणतात, बऱ्या दिवशी कमी करा, वाईट दिवशी थोडं तरी करा. ऐकायला सोपं आहे. बऱ्या दिवशी हात आवरायला संताचीच वृत्ती लागते. आमच्या गावात संतांची तशी कमी नाही; दासोपंतांनी तर चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहून काढलं. ती पासोडी मी पाहिली तेव्हा सगळे अक्षर बघत होते. मी मनात म्हणत होते, महाराज, वाकून लिहिलंत की पासोडी सरकवून?

सगळ्यांत मोठा वैद्यही आमच्याच जिल्ह्यात आहे, परळीला. वैद्यनाथ. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी याच लिंगात लपले अशी कथा आहे, आणि इथं भक्ताला लिंगाला हात लावता येतो. पण वैद्य बसलाय उंचावर आणि दगडी पायऱ्या चढल्याशिवाय गाठ पडत नाही. ज्याची कंबर धड आहे, त्यालाच वैद्य भेटणार! शिवाय तिथवर एसटीनं जायचं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. धक्के मात्र पूर्ण बसतात. पुढून तिसऱ्या-चौथ्या बाकावर, खिडकीपासून आतल्या बाजूला, गतिरोधक आला की पुढचा दांडा धरून थोडं उचलून घ्यायचं. ही बैठक मी इतकी कमावली आहे, की कंडक्टर मला बघून त्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांना उठवतो.

बसण्याचा खरा कस लागतो तो सप्ताहात. आमच्याकडं हरिनाम सप्ताह नाही असं गाव नाही, आणि कीर्तन ऐकायचं म्हणजे सतरंजीवर मांडी घालून, दोन तास. ते सुटलं. आता मंडपाच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक ओळ असते, ती आमची. तिथं ज्ञातीचा, पक्षाचा भेद नाही. गुडघेवाले, मणकेवाले, खुब्याची वाटी बदललेले एक गुरुजी. अभंगाचं निरूपण चालू असताना एकमेकांच्या गोळ्यांची कुजबुजत देवाणघेवाण चालते. मी नुसती ऐकते. गोळ्या न सोसणारी म्हणून माझा मान त्या ओळीत वेगळाच आहे, कडक उपासवाल्या बाईसारखा. मधेच माझी उठून दोन येरझाऱ्या घालायची वेळ होते. नव्या माणसाला वाटतं, बाईंच्या अंगात भक्ती आली.

गजराला बुवा हात वर करतात आणि सगळा मंडप उभा राहतो. आमची ओळही निघते. आधी खुर्चीचे हात धरायचे, मग पाय जुळवायचे, शेजारच्याचा खांदा बघायचा, एक हिसका द्यायचा. आम्ही सरळ होईपर्यंत गजर संपतो, टाळ थांबतात, पुढचा सगळा मंडप खाली बसतो आणि मागं आम्ही तेवढे उभे, टाळ्या वाजवायला हात वर. परवा बुवांनी व्यासपीठावरून बघितलं, हात जोडले आणि म्हणाले, "बसा माउली, बसा." गुरुजी माझ्याकडं वळून म्हणाले, "आता ह्यांना सांगा, पुढचा अभंग जरा मोठा घ्या म्हणावं."