पावतीकाका

विलायतेत जिथे चार मराठी घरं असतात तिथे एक पावतीकाका असतोच. आमचे हॅरोला राहतात. दर शनिवारी सकाळी ते चॅरिटी शॉपमध्ये जातात. लोकांनी दान दिलेले कपडे, पुस्तकं, भांडी विकून संस्थेला पैसा मिळवून देणारं हे दुकान. ऑक्सफॅम या संस्थेने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असं दुकान सुरू केलं त्याला पाऊणशे वर्षं उलटली. आता विलायतेतल्या कुठल्याही बाजारपेठेत अशी दोन-चार दुकानं सापडतात. सगळे तिथे वस्तू आणायला जातात. काका परत करायला जातात. आणणं ही नुसती पूर्वतयारी.

"जुना माल म्हणून काय झालं? २०१५ चा ग्राहक हक्क कायदा त्यालाही लागू आहे. सदोष निघाला तर ३० दिवसांच्या आत पूर्ण पैसे परत!" हे ते सत्यनारायणाला जमलेल्या पाहुण्यांनाही सांगतात. पाकिटात पावत्या तारखेवार लावलेल्या. लग्नाची तारीख मात्र काकूंना आठवण करून द्यावी लागते.

हेच काका ईलिंग रोडवर भाजी घेताना बघावेत. वांग्याचं देठ, भेंडीचं टोक, नारळातलं पाणी, कशाचीही सुटका नाही. मागे रांग खोळंबलेली असते. पण चॅरिटी शॉपमध्ये चार पौंडांचा सँडविच टोस्टर झाकणसुद्धा न उघडता काखेत मारतात. मी विचारलं, "काका, निदान आत बघायचं तरी?"

"वेडा आहेस का? तपासून घेतलं आणि दिसण्यासारखा दोष असला, तर मग त्याची तक्रार करता येत नाही. कायद्यातच आहे. मी कशाला बघू?"

तो टोस्टर दुर्दैवाने उत्तम चालला. विजेच्या वस्तू तिथे सहसा तपासून, तशी चिठ्ठी चिकटवूनच मांडतात, त्यामुळे त्या विभागात काकांची निराशा ठरलेली.

भिंतीवरच्या घड्याळाने मात्र लाज राखली. दिवसाला वीस मिनिटं मागे! काका रात्रभर कलमं घोकून दुकानात गेले. गल्ल्यावर सत्तरीच्या, बिनपगारी काम करणाऱ्या आजी. काकांनी घसा खाकरला, तोच त्या म्हणाल्या, "अरेरे, सॉरी हं डिअर," आणि तीन पौंड त्यांच्या हातावर ठेवले. पावतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काका घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीखाली उभं राहून पुण्यात तासतासभर भांडलेला माणूस. त्याला असं सॉरी म्हणून वाटेला लावायचं? बाईंना कायद्याचं काही ज्ञानच नाही, असं त्यांचं ठाम मत झालं.

परवा त्यांना हजार तुकड्यांचं जिगसॉ दिसलं. ताजमहालाचं. हजारातला एक तरी गहाळ असणारच, या आशेने काका खुलले. डबा उलटा केला तर मागे चिठ्ठी: तुकडे मोजलेले नाहीत.

काका डबा धरून तसेच उभे. दोष आधीच सांगून टाकला की हक्क संपला. ही चिठ्ठी दोष सांगते की नुसती शंका, यावर ते स्वतःशीच पुटपुटू लागले.

काकू म्हणाल्या, "ठेवा तो खाली. नाहीतर ती बाई तुम्हाला इथेच मोजायला बसवेल."

काकांनी खुर्ची कुठे आहे ते विचारलं.