सगळ्या वाटा संपवणाऱ्यांसाठी

राष्ट्रीय उद्यानातली एकूणएक पायवाट तुडवून यादीवर शेवटची खूण करायची, हा संकल्प आमच्या सावंगी (मेघे) इथे केला तर पहिल्याच दिवशी अडेल. जवळचे जंगल बोरचे. 1970 साली अभयारण्य, 2014 साली व्याघ्र प्रकल्प, क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. आकार पाहून कुणालाही वाटावे, दिवाळीच्या सुट्टीत उरकू! पण तिथे पर्यटकाने जिप्सीतून खाली पाय ठेवायचा नसतो. ताडोबाच्या गाभ्यातही तेच. म्हणजे आमच्याकडे पायवाटा पुष्कळ आहेत, फक्त त्या वाघ, अस्वल आणि वनरक्षक यांच्या नावावर आहेत. आणि त्यांच्यापैकी कुणी ‘सर्व पूर्ण’ असे जाहीर केल्याचे ऐकिवात नाही.

कुणी म्हणेल, ध्येय नसेल तर माणूस अंथरुणातून उठणारच नाही. मान्य. बोरिवलीच्या उद्यानात परवानगी घेऊन, वाटाड्यासोबत काही वाटा चालता येतात, आणि यादीमुळे कुणी तिथे पोचला तर यादीचे भलेच झाले. पण यादीला जंगल दिसत नाही, उरलेला आकडा दिसतो. सावंगीच्या शेजारच्या पवनारचे विनोबा 1951 पासून तेरा वर्षे देशभर चालले, ते जमीन मागत. त्यांनी किलोमीटर मोजले असते तर एकरांचा हिशेब कुणी ठेवला असता? आमचा यादीवाला मात्र शेवटच्या वाटेवर पाटीसोबत फोटो काढतो आणि पार्किंग कुठे, ते विचारतो.