मासा सोडून देणाऱ्यांच्या गावाहून

नोव्हाय, मिशिगन
पौष महिना, बाहेर गुडघाभर बर्फ

ती. बापू व ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलं, "तू मासे धरायच्या काठ्या बनवतेस म्हणे?" आणि त्याच क्षणी मागे बापूंनी टीव्ही बंद केला. ती शांतता मला इथपर्यंत ऐकू आली. बापांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि लेकीच्या हातात गळाची काठी! बातमी जळगावहून आली हे उघड आहे. तुमच्या जावयांनी माझ्या सासूबाईंना फोटो पाठवला, सासूबाईंनी तो धुळ्याला पोचवला. म्हणून खुलासा लेखी देते, म्हणजे दोन्ही गावांत एकच मजकूर राहील.

पहिलं म्हणजे मी काठी बनवत नाही. काठीच्या बुडाशी, मुठीच्या खाली, रीळ बसवायला बोटभर लाकूड लागतं. इथे त्याला रील सीट म्हणतात, म्हणजे रिळाची बैठक. लांबी साडेतीन इंच, जाडी पाऊण इंचाच्या आत. तेवढंच मी लेथवर कातते. काठी बांधतात शेजारचे आजोबा. त्यांचा जन्म मोटारीच्या कारखान्यात टूलरूममध्ये गेला. आता हात थरथरतो, म्हणून कातकाम त्यांनी माझ्याकडे सोपवलंय. एस.टी.च्या वर्कशॉपातल्या टर्नरची मुलगी म्हटल्यावर त्यांनी माझं शिक्षण विचारलंच नाही. बापू, तुम्ही मला लेथपाशी उभं राहू द्यायचा नाहीत, "आधी वेणी काप, ओढणी घरी ठेव, मग ये" म्हणायचात. तेव्हा राग यायचा. आता केस कापलेले आहेत, बाह्या घट्ट आहेत, हातमोजे नाहीत आणि मुलगा दारात आला की मीच ओरडते.

लाकडाची लेथ पाहून तुम्हाला हसू येईल. टूलपोस्ट नाही, फीड नाही. एका आडव्या टेकूवर पटाशी टेकवायची आणि हातानेच जॉबला लावायची. पण तुमचा नियम इथेही चालतो: आधी भोक, मग गोलाई. चौकोनी ठोकळ्याला मधोमध आरपार भोक पाडायचं, त्याच भोकाच्या आधाराने तो सेंटरवर चढवायचा, म्हणजे बाहेरचं कातकाम भोकाशी इमान राखतं. उलटं केलं तर जॉब आऊट जातो आणि काठीवर बैठक वाकडी बसते. मग खोलगट पटाशीने कोपरे उडवायचे, सरळ पटाशीने साफ करायचं आणि टोकाला पायरी काढायची. त्या पायरीवर धातूची टोपी चिकटते. मधल्या भागावर कडी सरकते आणि रिळाचा पाय दाबून धरते. पाय नीट टेकावा म्हणून लाकडात लांब खाच पाडायची. कडी बोटाने सरकली पाहिजे आणि डुगडुगता कामा नये. खेळ दोन-चार थाऊंचा, म्हणजे हजारांश इंचांचा.

आजोबा आणि बापू व्हिडिओ कॉलवर बोलले ते आठवतं ना? त्यांना मराठी येत नाही, तुम्हाला त्यांचं इंग्रजी कळत नाही. तुम्ही व्हर्नियर कॅमेऱ्यासमोर धरला, त्यांनी त्यांचा धरला. मग दोघांनी मिळून माझ्या बॅटरीवाल्या डिजिटल व्हर्नियरकडे बोट दाखवून माना हलवल्या. इतकी एकवाक्यता मी आपल्या दोन्ही घरांच्या बैठकीत लग्न ठरतानाही पाहिली नव्हती.

कडी आणि टोपी जर्मन सिल्व्हरची असते. तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा कणही नाही. जळगावच्या सराफबाजारात वाढलेल्या तुमच्या जावयांना हे कळलं तेव्हा त्यांनी किंमत ऐकून खुर्ची घेतली. लाकडाचे लाड तर याहून जास्त. झाडाच्या गाठीचं नक्षीदार लाकूड सच्छिद्र असतं. उन्हाळ्यात दमट हवेने फुगलं की जानेवारीत सुरळीत फिरणारी कडी जुलैत हलत नाही. म्हणून ठोकळा राळेत बुडवून व्हॅक्यूम लावतात. आतली हवा बुडबुडे होऊन निघून जाते, व्हॅक्यूम सोडला की राळ आत घुसते. गुलाबजाम पाक पितो तसा ठोकळा राळ पितो. मग भट्टीत तापवून ती घट्ट करायची. आईने आत्ताच विचारलं असेल, म्हणून सांगते: भट्टी वेगळी आहे, स्वयंपाकाची नाही.

पॉलिशचं ऐकून मात्र बापूंची छाती फुगेल. इथे दुकानात 'फ्रिक्शन पॉलिश' म्हणून बाटली मिळते. तिच्यात आहे काय, तर आपली लाख! सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने ती वितळते आणि खेळण्यावर रंग चढतो. तीच ही विद्या, बाटलीत भरलेली. पण पाणी लागलं की लाख पांढुरकी पडते, म्हणून गळाच्या काठीला ती चालत नाही. तिथे मी फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचे पातळ थर देते. डोळे झोंबतात. जावई म्हणतात, "कांदा चिरतेस की काठी करतेस?"

आता मोठ्या मायचा प्रश्न. इथले बरेच लोक मासा पकडतात आणि लगेच सोडून देतात, हे ऐकून ती म्हणाली, "धरतस, नि सोडी देतस? मंग धरतस कसाले?" तापीकाठच्या कोणत्याही भोयाला हाच प्रश्न पडेल. मी आजोबांना विचारलं. ते आम्हाला गाडीत घालून तीन तासांवरच्या ग्रेलिंग गावी घेऊन गेले. तिथे ऑ सेबल नदी आहे. गावाला नाव मिळालं ते ग्रेलिंग नावाच्या माशावरून. एकेकाळी नदी त्याने भरलेली होती. मग लाकूडतोडीची लाट आली. पाइनची जंगलं कापून ओंडके नदीतून सोडले. काठ ढासळले, तळावर वाळू बसली, वरून मासेमारीला धरबंध नव्हता. 1930 च्या दशकापर्यंत मिशिगनमधून तो मासा नाहीसा झाला. गाव उरलं, मासा गेला. त्याच नदीकाठी 1959 मध्ये काही गळवाल्यांनी 'ट्राउट अनलिमिटेड' ही संस्था काढली, निदान ट्राउट तरी राहावा म्हणून. नदीच्या एका पट्ट्यात आज फक्त कृत्रिम माशीचा गळ चालतो आणि धरलेला मासा सोडावाच लागतो. त्या पट्ट्याला लोक 'होली वॉटर्स' म्हणतात. बापू, तीर्थक्षेत्रच म्हणा!

म्हणजे मासा घरी आणायचा नाही, मग घरी दाखवायचं काय? काठी. आणि काठीत दाखवण्यासारखं काय? माझं बोटभर लाकूड. त्यामुळे माझा धंदा जोरात आहे. एका बैठकीचे जे पैसे मिळतात, त्यात धुळ्याला अख्खा पाळणा कातून मिळेल. आणखी एक सांगते: टाँकिनचा चिनी बांबू येण्याआधी अमेरिकेतल्या नामी काठ्या 'कलकत्ता केन'च्या, म्हणजे कलकत्त्याहून जहाजाने आलेल्या बांबूच्या होत्या. तेव्हा काठीत आपला हात जुनाच आहे.

पण उत्साहाने अंजनाचा ठोकळा पार्सल करू नका. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातला एक हिरवा भुंगेरा सापडला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा. त्याने अॅशची कोट्यवधी झाडं मारली. तेव्हापासून साल असलेलं परदेशी लाकूड म्हटलं की इथल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

राहिला माळेचा प्रश्न. बापू, तुमच्या गळ्यातला एकेक मणी काढून पाहा. मधोमध भोक, भोवती कातकाम. पंढरपुरात तो ज्याने कातला, त्याने तुमचाच नियम पाळलाय. तो मण्यावर थांबला, मी साडेतीन इंचांवर थांबते. मासा धरायचा की सोडायचा, हे काठी धरणाऱ्याचं पुण्य-पाप. टर्नरच्या माथी फक्त माप.

सौ. काकूंना व मोठ्या मायला नमस्कार. जळगावला हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखवा.

तुमची लेक,
वर्षा

ता. क. आई, तुझं बाभळीचं जुनं लाटणं टोकाला चिरलंय असं तूच म्हणालीस. मी हिशेब केलाय, त्यातून दोन बैठका निघतात. उन्हाळ्यात याल तेव्हा धुऊन-पुसून बॅगेत घाल आणि कस्टमला स्पष्ट सांग की लाकूड आहे. नवं लाटणं बापू कातून देतील. त्यांना माप मात्र तू दे, नाहीतर ते पुरणपोळीसाठी एस.टी.चा अॅक्सल कातून आणतील.