फोनचे दात बघू द्या

2023 मध्ये कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर झाले. अटी अशा: कांदा फेब्रुवारी आणि मार्चमध्ये विकलेला हवा, मर्यादा 200 क्विंटलची, आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ही नोंद ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल ॲपवरून केलेली. ज्यांची राहिली त्यांची राज्यभर ओरड झाली आणि शेवटी अट सैल करावी लागली. बाजारात माल आणणाऱ्याचा कांदा खरा होता, वजन खरे होते, हिशेबपट्टी खरी होती. अडले ते फोनपाशी.

नेवासे तालुक्यातले घोडेगाव कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजाराचे गाव. 15 ऑगस्ट 2021 पासून इथल्या शेतकऱ्याने आपला पेरा आपल्या फोनवरून नोंदवायचा आहे. कल्पना चांगलीच आहे, कारण माझ्या शेतात काय उभे आहे हे मीच सांगणे केव्हाही बरे. पण त्या दिवसापासून फोन ही हौसेची वस्तू राहिली नाही. तो तलाठ्याच्या दप्तराचा भाग झाला. मग त्या फोनवर मालकी कुणाची, आणि तो किती वर्षे चालणार, हे विचारायलाच हवे.

रेडमी नोट 4 आठवतो? 2017 मध्ये देशात सर्वाधिक खपलेल्या फोनांपैकी एक. कंपनीने त्याला अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपर्यंत आणले आणि तिथे सोडले. त्यातली चिप आजही धडधाकट आहे. तरी फोन भंगारात जातो, त्याचे कारण सॉफ्टवेअर. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा असतो आणि तो मुक्त आहे, कुणीही वाचावा, बदलावा असा. पण चिपवाली कंपनी त्याची स्वतःची एक प्रत काढते, तिला आपले ड्रायव्हर, म्हणजे चिपचे भाग चालवणारे प्रोग्रॅम, चिकटवते, आणि दोन-तीन वर्षांनी तिच्याकडे पाठ फिरवते. मूळ लिनक्स पुढे जाते, ही प्रत कुजते. नवी ॲप येतात आणि जुन्या आवृत्तीवर चालायला नकार देतात. नुकसान मात्र ज्याने पैसे मोजले त्याचे.

याविरुद्ध जगभर काही माणसे चिकाटीने काम करत आहेत. 2017 मध्ये ऑलिव्हर स्मिथ यांनी पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली सुरू केली, फोन दहा वर्षे चालला पाहिजे हे उद्दिष्ट ठेवून. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्लाझ्मा मोबाइल या फोनच्या पडद्याची वर्षानुवर्षे उभारणी करणाऱ्यांत गुजरातचे भूषण शहा होते. पाइन64 या कंपनीने 150 डॉलरच्या आत पाइनफोन हा लिनक्स फोन विकला. त्याचे मागचे झाकण काढले की मॉडेम, मायक्रोफोन आणि कॅमेरा बंद करण्याची खरीखुरी बटणे दिसतात. मूळ लिनक्समध्येच एकेका फोनची सोय करणे हा या कामाचा गाभा. त्यासाठी ‘डिव्हाइस ट्री’ नावाची एक मजकुराची फाइल लिहावी लागते. कुठली चिप कुठल्या पिनेला जोडली आहे, स्क्रीनला किती व्होल्ट हवेत, बॅटरी कुठे मोजली जाते, ते सगळे त्यात. याला कारखाना लागत नाही, लॅपटॉप आणि केबल पुरते. हे काम एकदा मूळ कर्नलमध्ये गेले की कंपनीने पाठ फिरवली तरी फोन अनाथ होत नाही. रेडमी नोट 4 वर असे काम झाले आहे. आपल्याकडे गाजलेला पोको एफ1 तर या मंडळींचा आवडता फोन.

असे असले तरी घोडेगावच्या शेतकऱ्याला मी आज लिनक्स फोन घ्या म्हणणार नाही. जिओच्या जाळ्यात 2जी नाही, 3जी नाही. साधा आवाजी कॉलही व्होएलटीईवरूनच, म्हणजे 4जीच्या डेटावरूनच जातो. नेमके तेच या बहुतेक जुन्या फोनांवर लिनक्स घातल्यावर चालत नाही, कारण मॉडेममधल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला नाही. यूपीआयचे ॲप शुद्ध लिनक्ससाठी नाही. वेड्रॉइड या सोयीतून लिनक्सवर अँड्रॉइड ॲप चालवता येतात, पण बँकांची अनेक ॲप गूगलचा शिक्का नसलेला फोन दिसला की उघडतच नाहीत. फोन माझा, खाते माझे, पैसे माझे, आणि हा फोन विश्वासू की नाही हे कॅलिफोर्नियातली कंपनी ठरवणार. हे मला मान्य नाही.

घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय कुणी बयाणा देत नाही. फोनच्या बाबतीत तोंड उघडून दाखवायलाच विक्रेता तयार नाही, आणि सरकार त्याच फोनवर सातबारा लिहायला सांगते.

सरकारकडे धोरण नाही असेही नाही. केंद्राने 2015 मध्येच सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचे ठरवले. सरकारी ॲपचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरणही त्याच वर्षीचे. मे 2020 मध्ये, टीका झाल्यावर का होईना, कोविडसाठीच्या आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड जाहीर झाला. महासाथीच्या घाईत जे जमले ते पिकाच्या नोंदीला का जमू नये? ई-पीक पाहणीचा कोड महसूल विभागाने खुला करावा. तीच नोंद कुठल्याही फोनच्या ब्राउझरमधून करता यावी, आणि दुसऱ्या ॲपने सरकारी यंत्रणेशी कसे जोडायचे याचे नियम छापून ठेवावेत. मग लिनक्स फोनसाठी मराठीत ॲप लिहिणारे इथेच निघतील.

निघतील असे मी म्हणतो, कारण आधी निघाले आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला लोहित टंक रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त केला आणि पुढे पुण्यातल्याच अभियंत्यांनी तो सांभाळला. लिनक्सवर मराठी वर्षानुवर्षे नीट वाचता आली ती त्यांच्यामुळे. पगाराचे काम असले तरी ते सगळ्यांच्या हाती आले, हे महत्त्वाचे.

घोडेगाव ज्यात येते त्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावाच लागतो, आणि हजेरीची ॲप आता पुरे झाली. प्राध्यापकांना माझी विनंती आहे: चार मुलांच्या गटाला बाजारातून एक टाकून दिलेला फोन आणून द्या आणि पोस्टमार्केटओएसवर त्याचा कॅमेरा, स्पीकर किंवा जीपीएस यांतले एक चालू करायला सांगा. ई-पीक पाहणीला कॅमेरा आणि जीपीएस दोन्ही लागतात. बदल मूळ प्रकल्पात स्वीकारला गेला तर पूर्ण गुण द्या.