सात आसनी साधेपणा

आप्पांना चालायची भारी आवड. म्हणून तर ते रोज पहाटे साडेपाचला गाडी काढतात.

चालावं तर वाळूत, अनवाणी, आणि वाळू असावी तर गणेशगुळ्याची, असा त्यांचा सिद्धांत आहे. पावसहून गणेशगुळे तसं जवळच. पण जवळच्या ठिकाणी गाडीने जायचं आणि लांबच्या ठिकाणी जायचंच नाही, याला ते 'मर्यादित वापर' म्हणतात. किनाऱ्यावर पाऊण तास चालून झालं, मनगटावरच्या घड्याळाने पावलं मोजून दिली, की ते तृप्त चेहऱ्याने पुन्हा गाडीत बसतात. घड्याळाला फक्त पावलं दिसतात, गाडी दिसत नाही. असं समजूतदार घड्याळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांची गाडी खळ्यातून बाहेर पडते तो सोहळा बघण्यासारखा असतो. आप्पांचं घर उंचावर. पूर्वी तिथवर जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी होती, दोन्ही अंगांना गडगे, डोक्यावर हारा घेतलेलं माणूस सुखाने जाईल एवढ्या मापाची. गाडी आली तेव्हा पायऱ्या निघाल्या, सिमेंटचा उतार झाला आणि शेजाऱ्यांचा गडगा हातभर मागे सरकला. कोकणात सख्ख्या भावाला हातभर जमीन मिळवायची तर दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. गाडीला ती एका मे महिन्यात मिळाली. तरीही वाट अपुरीच. त्यामुळे गाडी उलटी उतरवताना एक माणूस पुढे लागतो, एक मागे, आणि फणसापाशी आरसा मिटायला काकू. 'येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे घ्या... तुमच्या डावीकडे वो आप्पा... थांबा, थांबा, थांबा!' तेवढ्यात गाडीतल्या मागच्या कॅमेऱ्याची पिकपिक सुरू होते. त्या कॅमेऱ्याला गडगा, फणस आणि कोंबडी यांतला फरक कळत नाही; तो सगळ्यांनाच घाबरतो. गाडी डांबरावर लागेस्तोवर वाडीतली शाळेची पोरं पावसच्या स्टँडवर पोचून एसटीत जागा धरून बसलेली असतात.

आप्पा मुंबईत एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं, 'बास झाली मुंबई. आता गावाला जाऊन साधं राहणार.' साधं राहायचं सामान दीड ट्रक भरलं.

घरात तेव्हा वातानुकूलन यंत्र नव्हतं, ते आलं. कारण ध्यानाला बसताना घाम येता कामा नये. ध्यानासाठी खास बैठक आली, ती पुण्याहून. चुलीवरच्या जेवणाची चव वेगळीच, म्हणून जुन्या चुलीच्या जागी परदेशी बनावटीची, धूर न होणारी, दिसायला तिजोरीसारखी चूल आली. तिच्यात लाकडं किती लांबीची घालायची याचं पुस्तक तिच्यासोबत आलं. काकू अजून गॅसवरच भात लावतात. माडांनी भरलेलं आगर, झावळ्यांचा खच, एका दुपारी चार खराटे होतील एवढे हीर पायाखाली. तरी 'पर्यावरणस्नेही झाडणी' म्हणून एक वस्तू खोक्यातून आली. खोक्यात कागद, कागदात कापड, कापडात झाडणी. बांबूचा ब्रश, तांब्याची बाटली, मातीचा तवा, हातमागाच्या पिशव्या. पिशव्या तर इतक्या झाल्या, की त्या ठेवायला एक कपाट घ्यावं लागलं. कपाट मात्र जुन्या लाकडाचं. आप्पांनी ते मुद्दाम सांगितलं.

पण या सगळ्यावर कडी केली वाट्यांनी. एक दिवस सकाळी मला हाक आली, 'अरे, रत्नागिरीला येतोस का? पार्सल आणायचंय. एकट्यासाठी गाडी काढणं बरं दिसत नाही.' म्हणजे मी गाडीत बसलो की तिचं प्रदूषण निम्मं होणार होतं. निघालो. गोळपचा सडा मागे पडला. वाटेत आप्पा भरभरून बोलत होते. भाट्याचा पूल नव्हता तेव्हा त्यांचे वडील रत्नागिरीला चालत जात, खाडी राजिवड्याच्या तरीने ओलांडत, कोर्टाचं काम करून रात्री परत घरी. 'त्या माणसांना गरजाच नव्हत्या रे!' असं म्हणून त्यांनी एसी एक घर वाढवला. भाट्याला उजवीडावीकडे माडच माड. तिथे कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, रोपं न्यायला लोक लांबून येतात. ते ओलांडून आम्ही शहरात गेलो आणि पार्सल घेतलं. आप्पांना दम निघेना, गाडीतच फोडलं. आत होत्या चार करवंट्या. घासून गुळगुळीत केलेल्या, तेल लावलेल्या, प्रत्येकीला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं की ही वस्तू निसर्गातून येते.

'आप्पा,' मी म्हटलं, 'आपल्या न्हाणीघरामागे करवंट्यांचा ढीग पडलाय.'

'ते जळण आहे,' आप्पा म्हणाले. 'हे उत्पादन आहे.'

आप्पांचं वाचन दांडगं आहे, हे मान्य केलं पाहिजे. शूमाखरचं 'स्मॉल इज ब्यूटिफुल' त्यांच्याकडे दोन प्रतींत आहे, एक घरी आणि एक गाडीत. पण त्यांचा खरा लाडका इव्हान इलिच. या इलिचने १९७४ साली इंग्रजीत निघालेल्या एका छोट्या पुस्तकात गाडीचा हिशेब मांडला होता. सामान्य अमेरिकन माणूस वर्षाकाठी १,६०० तास गाडीपायी घालवतो. चालवण्यात, कोंडीत अडकण्यात, जागा शोधण्यात, आणि हप्ते, इंधन, विमा, दंड यांचे पैसे मिळवण्यात. एवढ्या तासांत तो जातो ७,५०० मैल. भागाकार केला तर वेग पडतो ताशी पाच मैलांच्या आत. म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाहून थोडाच जास्त. हा भागाकार आप्पा प्रत्येकाला करून दाखवतात. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यालाही दाखवला. तो म्हणाला, 'बरोबर आहे. किती टाकू?'

आपला हिशेब मात्र आप्पांनी कधी मांडला नाही. मी एकदा मनातल्या मनात मांडून पाहिला. पंचाऐंशी किलोचे आप्पा आणि दोन डब्या तपकीर आणायला दीड टनाहून जास्त लोखंड पेठेत जातं आणि येतं. तेही इंजिन धड तापायच्या आत. आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, हे मला आप्पांनीच शिकवलेलं. पुढचा हिशेब मी सोडून दिला, कारण परतीच्या वाटेत त्यांनी मलाही पेठेतून उचललं होतं.

एसटीबद्दल त्यांना नितांत आदर आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट झाला, त्याच आठवड्यात ते आधार कार्डाची रंगीत प्रत काढून, प्लास्टिकात घालून घेऊन आले. ती पाकिटात असते. पाहुण्यांना ते ती काढून दाखवतात आणि म्हणतात, 'सरकारने चांगलं केलं.' पुढे २०२३ साली बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून काकू रत्नागिरीला एसटीनेच जातात. खिडकीशी बसतात, मासेवाल्यांशी भाव करतात, आणि आप्पांच्या आधी घरी येतात.

आता हे सगळं दुसऱ्या कुठल्या गावात चाललं असतं तर एवढं डोळ्यांवर आलं नसतं. पण हे पावस. स्वामी स्वरूपानंदांचं पावस. रामचंद्र विष्णु गोडबोले, जन्म १९०३, तरुणपणी स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास. मग आजारपण, आणि नंतर देसायांच्या 'अनंत निवास'मधल्या एका खोलीत जवळजवळ चाळीस वर्षं, १९७४ च्या १५ ऑगस्टपर्यंत. सबंध ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगात उतरवली. त्या माणसाला कुठे जावं लागलं नाही. आणि त्याची खोली बघायला आज पुण्यामुंबईच्या गाड्या इतक्या येतात, की सुट्टीच्या दिवशी स्वामींच्या समाधीच्या देवळाअलीकडे डांबर दिसत नाही. लोक उतरतात, खोली बघतात, 'किती साधं!' म्हणतात, खिचडीचा प्रसाद घेतात आणि पुढचं ठिकाण मोबाइलवर टाकतात. त्यांच्यावर आप्पा फार चिडतात. 'यांना कळत कसं नाही? एका माणसामागे एक गाडी!' हे ते गाडीची काच खाली करून म्हणतात.

आप्पांच्या घरामागून दुसरी एक पाखाडी उतरते, ती अजून शाबूत आहे. ती उतरली, व्हाळावरचा साकव ओलांडला, की देऊळ. म्हातारं माणूससुद्धा दहा मिनिटांत जातं. गाडीचा रस्ता मात्र पेठेला वळसा घालून. गेल्या खेपेच्या श्रावणातल्या पुण्यतिथीला आप्पा नैवेद्याचं ताट काकूंच्या मांडीवर देऊन गाडीने निघाले. देवळापाशी जागा नाही. पुढे गेले, नाही. स्टँडकडे वळले, तिथे दोन बसगाड्या आडव्या. गौतमीच्या पुलापर्यंत जाऊन आले. प्रत्येक फेरीला देऊळ डावीकडून उजवीकडे जात होतं आणि काकू तिथूनच हात जोडत होत्या. शेवटी जागा सापडली. आडोशाची, सावलीची, फुकट, कुणी उठवणार नाही अशी. ती त्यांच्याच खळ्यात होती. तिथे गाडी लावून ते पाखाडीने दहा मिनिटांत देवळात पोचले, आणि संध्याकाळी मला म्हणाले, 'युरोपात हीच पद्धत आहे. गाडी बाहेर लावायची आणि आत चालत जायचं.'

आप्पांना हसणं सोपं आहे, आणि मी ते पोटभर करून घेतलंय. पण वाडीत फुरसं चावलं, कुणाच्या छातीत कळ आली, कुणाची सून अडली, की शेवटची एसटी गेल्यानंतर पहिला फोन आप्पांनाच जातो. सदऱ्याची बटणं लावत ते बाहेर येतात आणि अशा वेळी पिकपिक न ऐकता, पुढेमागे माणूस न घेता, आरसा न मिटता गाडी सरळ उतारावरून खाली आणतात. ते कसं जमतं, देव जाणे. परत आल्यावर पेट्रोलचे पैसे कुणाकडून घेत नाहीत. वाडीतल्या दोन पोरांचा जन्म रत्नागिरीत झाला तो त्या मागच्या आसनांच्या भरवशावर. चारचाकीशिवाय आपलं अडतं हे आप्पांचं एकट्याचं व्यसन नाही; रात्री नऊनंतर ते सगळ्या गावाचं होतं, आणि दिवसा हसायला आम्ही मोकळे.

म्हणूनच गेल्या मे महिन्यात आप्पांनी पडवीत पाच माणसं बोलावून 'मी गाडी विकतोय' असं सांगितलं, तेव्हा एकदम शांतता पसरली. येत्या ५ जूनला, पर्यावरण दिनाच्या मुहूर्तावर, गाडी जाणार. त्यांचं ठरलं होतं. इलिचचं पुस्तक मांडीवर होतं. करवंटीच्या वाट्यांतून सरबत फिरलं.

पहिला आवाज पलीकडच्या वाडीतल्या पुढाऱ्याचा. 'आप्पा, पर्यावरण चांगलंच आहे. पण रात्रीचं काय?' दुसऱ्याला आंब्याच्या शेवटच्या पेट्या आठवल्या. तिसरा म्हणाला, गणपती कशातून आणायचे? नेहमी आप्पांच्या गाडीतूनच येतात, मूर्ती हिसके न बसता आली पाहिजे. ज्याचा गडगा हातभर मागे गेला होता तो सगळ्यांत जास्त बिथरला. गाडीच जाणार तर मी गडगा सरकवला कशाला, असा त्याचा सवाल. आप्पा एकेकाला भागाकार समजावत राहिले. कुणी ऐकेना. मीही गप्प होतो. माझ्या आईची तपासणी पुढल्या आठवड्यात होती.

एवढ्यात काकू बाहेर आल्या. गाडी आल्यापासून खळं गेलं, ऊन गेलं, वाळवणाला जागा उरली नाही, हे गाऱ्हाणं त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी फक्त गाडीच वाळवणाला घेतली होती. सोललेल्या कोकमांच्या साली खारवलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, सुकल्या की पुन्हा बुडवायच्या, पुट चढत जातं तसं आमसूल काळंभोर होतं. हा सगळा खटाटोप बॉनेटवर आणि टपावर जुनं धोतर अंथरून चालायचा. खालचं लोखंड तापलेलं, वरून ऊन. खळ्यापेक्षा निम्म्या वेळात माल तयार. पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ आले होते, ते सर्व्हिस सेंटरवाल्यांना दोन वेळा घासूनही गेले नव्हते. वरच्या कॅरियरला फणसपोळीची ताटं बसतात, हेही काकूंनीच शोधून काढलं होतं.

त्यांनी पदराला हात पुसले आणि आप्पांकडे बघितलं.

'पाच तारीख कशाला धरलीत?' त्या म्हणाल्या. 'पाऊस लागेपर्यंत थांबा. टपावरच्या आमसुलांना अजून दोन पुटं द्यायची आहेत. आणि तोवर सकाळी गणेशगुळ्याला चालत जा. गाडी हलली की साली घसरतात.'