परमिटवाले अण्णा

अण्णांना वीज मंडळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गीझरचा खटका ते अजूनही आरोळी ठोकल्याशिवाय दाबत नाहीत. ‘चालू करतोय रे!’ घरात दुसरं कुणी नसलं तरी. अशा माणसाच्या हाती भाच्याच्या आग्रहाने क्रेडिट कार्ड आलं.

पाकीट महिनाभर देवघराच्या फडताळात पडून होतं. कार्ड ३० दिवसांत सुरू केलं नाही, तर बँकेला ओटीपी पाठवून संमती मागावी लागते. ती मिळाली नाही, तर कामाच्या ७ दिवसांत खातं फुकटात बंद करावं लागतं. रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियमच आहे. तो मेसेज आला आणि अण्णांची कळी खुलली. ‘बघ, परमिट मागतायत! परमिटशिवाय लायनीला हात न लावणारा माणूस मला आवडतो.’

भाच्याला गॅलरीत उभं करून अण्णांनी पिन ठरवला. मग ॲपमध्ये शिरले. ऑनलाइन, परदेशी, टॅप असे तिन्ही खटके बंद! २०२० सालापासून नवं कार्ड असंच येतं: देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन एवढंच सुरू, बाकीचं ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर चालू करायचं. ‘हा नियम करणाऱ्याने नक्की रात्रपाळ्या काढल्यात,’ अण्णा गहिवरून म्हणाले. मात्र टॅप केल्यावर ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, हे कळताच ते ताडकन उठून बसले. ‘म्हणजे उघडी तारच की!’

तेव्हापासून गेल्या वर्षीच्या डायरीचं लॉगबुक झालं आहे. ‘१८.४२ टॅप चालू, किराणा. १८.४६ बंद. करणार: स्वतः. साक्षीदार: सौ.’

ही चार मिनिटं दुकानात पाहण्यासारखी असतात. तूरडाळ पिशवीत पडलेली, मागे रांग. अण्णा चष्मा कपाळावर चढवून ॲप उघडतात. ॲप बोट मागतं. बोट ओळखत नाही. अण्णा ते शर्टाला पुसतात, फुंकर मारतात, पुन्हा टेकवतात. तेवढ्यात नेट जातं.

‘अहो, रोख देऊन टाका ना!’

‘लाइन चार्ज होतेय, मध्ये बोलू नकोस.’

स्टेटमेंट आलं, त्याचाही पासवर्ड: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. अण्णांचा जन्म रामनवमीचा. घरात वाढदिवसही तिथीनेच होतो. पंचांग काढून त्या वर्षीची तारीख शोधली, टाकली. उघडेना. शेवटी काकूंनी आतून सांगितलं, ‘शाळेतली घाला. १ जून.’ गुरुजींनी दाखल्यावर ठोकून दिलेली तारीख घालताच स्टेटमेंट उघडलं.

आत एकूण देणं ३,८४० आणि त्याखाली ‘किमान देय १९२’. कुणीही खूश झाला असता. अण्णा पेन्सिल घेऊन बसले. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२! शिवाय १९२ भरून गप्प बसलं, तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. संध्याकाळी बाकावर त्यांनी जाहीर केलं, ‘किमान देय म्हणजे लीकेज. दिसत नाही, मीटर मात्र फिरतं.’ ऐकणाऱ्यांतले दोघे तिथून उठले ते घरी जाऊन आपापलं स्टेटमेंट पाहायला.

परवा अण्णांना फोन आला. ‘सर, बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड आज ब्लॉक होणार आहे. आलेला ओटीपी सांगा.’

अण्णांनी शांतपणे डायरी उघडली. ‘नाव? हुद्दा? परमिट नंबर?’

‘सर, लवकर सांगा, नाहीतर कार्ड बंद पडेल!’

‘पडू दे. शटडाऊनला माझी हरकत नाही. पण तुझ्या साहेबाची सही आण. तोंडी शटडाऊन मी आयुष्यात कुणाला दिलेला नाही.’

पलीकडून फोन आपटला गेला. अण्णांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: ‘११.१७ फॉल्ट आला. आपोआप ट्रिप.’