बिनगाडीचा पुणेकर

पुणे शहरात चारचाकी विकून सायकल, बस आणि मेट्रोवर हिंडणारा माणूस दुर्मीळ असला तरी नामशेष झालेला नाही. कोथरूड, कर्वेनगर, औंध या भागांत तो अधूनमधून दिसतो. सायकलची चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे त्याच्या पँटचा उजवा पाय मोज्यात खोचलेला असतो. कचेरीत पोचल्यावर तो बाहेर काढायचे बहुधा राहून जाते.

गाडी सोडण्याची सुरुवात ती विकण्यापासून होते, आणि हे काम वाटते त्याहून लांबते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या की मालकी बदलायच्या मार्गाला लागते. विम्यातला नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही. तो माणसाच्या नावे असतो, आणि तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली तर तिला लावता येतो. गाडी सोडणाऱ्याच्या निश्चयावर विमा कंपन्यांचा फारसा विश्वास नसावा. सगळ्यांत जास्त विसरला जातो तो फास्टॅग. तो बंद केला नाही, तर एखाद्या शनिवारी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या जुन्या मालकाला फोनवर आधी खेड शिवापूर, मग आणेवाडी, मग तासवडे, मग किणी अशा टोलचे संदेश येत राहतात. गाडी कोल्हापूरला सुखरूप पोचली हे त्याला थांब्यावरच कळते, फक्त तांबडा पांढरा रस्सा दुसऱ्याच्या पोटात जातो.

सोसायटीत पार्किंगची जागा रिकामी दिसली की चौकशी सुरू होते. ‘सगळं ठीक आहे ना?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि तो आवाज खाली आणून विचारला जातो. नोकरी गेली, मुलाच्या परदेशी शिक्षणाचा हप्ता आला किंवा दृष्टी अधू झाली, अशा तीन शक्यता जिन्यात चर्चिल्या जातात. गाडीची गरजच नव्हती, हे उत्तर कोणाला पटत नाही. ‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय’ म्हटले की मात्र सगळे समाधानाने मान हलवतात आणि आपापल्या डॉक्टरांचा नंबर देतात. तोपर्यंत रिकाम्या जागेत कोणाच्या तरी कुंड्या आलेल्या असतात.

हा माणूस काही नवे करतो आहे असे समजण्याचे कारण नाही. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. पेठांमध्ये तासाच्या भाड्याने सायकली मिळत. सायकलीवर कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे. अंधारात दिवा नसला किंवा कॅरिअरवर डबलसीट कोणी दिसले, की पोलीस पकडत. आज मोटारवाला ज्याबद्दल गळा काढतो, ते सगळे जाच त्या काळात सायकलवाल्याने सोसले आहेत. १९७२ पासून आकुर्डीच्या बजाजची चेतक रस्त्यावर आली, लोक नंबर लावून वर्षानुवर्षे तिची वाट पाहू लागले, आणि सायकल जिन्याखाली गेली. पुढे चेतकही गेली आणि गाडीच्या हप्त्यांचे दिवस आले.

सायकल पुन्हा घ्यायची तर दुकानात एक चमत्कार पाहायला मिळतो: ती जितकी महाग, तितक्या तिच्यावरच्या वस्तू कमी. स्वस्त सायकलीला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि चेनकव्हर असते. किंमत वाढत जाते तशी एकेक वस्तू गळत जाते, आणि सर्वांत उंची सायकलीला दोन चाके व एक अत्यंत टोकदार सीट एवढेच उरते. मडगार्ड कशासाठी असतो हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाठीवर उमटलेल्या चिखलाच्या सरळ रेषेवरून समजते. मग तो वेगळे पैसे देऊन बसवून घेतात.

शहराचा भूगोल सायकलवाल्याला नकाशापेक्षा मांड्यांतून जास्त कळतो. पुणे टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत आहे आणि मधून मुठा वाहते. त्यामुळे कोथरूडहून डेक्कनकडे जाताना सायकल आपली आपण पळते, माणसाला आपण तरुण झाल्याचा भास होतो, आणि तो नळ स्टॉपला ओळखीच्या माणसाला हात करतो. संध्याकाळी तोच रस्ता उलटा चढायचा असतो. तेव्हा ओळखीचा माणूस दिसला, तर उतरून चेन बघण्याची पद्धत आहे.

सायकलीसाठी या शहरात वेगळे मार्गही आहेत. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला, त्याच्या कडेने सायकल ट्रॅक आले. २०१७ मध्ये महापालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. ट्रॅकचा प्रवास वर्णन करण्यासारखा असतो. सुरुवातीला निळा फलक आणि त्यावर हसतमुख सायकलचे चित्र लागते. त्यानंतर उभ्या केलेल्या दुचाक्यांची रांग, भुर्जीची गाडी, वीज मंडळाची डीपी, एखाद्या दुकानाचा उतार आणि पुढे ट्रॅकच्या अगदी मधोमध उभे असलेले, ट्रॅकपेक्षा वयाने पुष्कळ मोठे वडाचे झाड. झाडापाशी ट्रॅक संपतो. तो पुढे कुठे सुरू होतो हे शोधेपर्यंत सायकलवाला रस्त्यावरूनच घरी पोचलेला असतो. काही ठिकाणी ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले असतात. त्यांतून मोटारसायकल सहज जाते, रुंद हँडलची सायकल अडकते.

२०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकलींचा दुसरा अवतारही पुण्याने पाहिला. मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या पिवळ्या, नारिंगी सायकली विद्यापीठापासून सर्वत्र दिसू लागल्या. जुन्या दुकानदाराला गिऱ्हाईकाचे घर माहीत असे, नव्या कंपनीला फक्त त्याचा फोन नंबर माहीत होता. फरक लवकरच दिसला. कुलपे तुटली, सीटा गेल्या, काही सायकली चोरीला गेल्या, आणि दोन-तीन वर्षांत हा सोहळा जवळजवळ आटोपला.

बिनगाडीच्या माणसाला एक सुख मात्र निर्भेळ मिळते. पुण्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर पी १ आणि पी २ असे फलक असतात. एका बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर परकर आणायला जाणाऱ्यालाही पंचांग बघून निघावे लागते. त्यात ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम, त्यामुळे एकाच बाजूचे दुकानदार सलग दोन दिवस कावतात. सायकल विजेच्या खांबाला बांधणाऱ्याला तिथीवार काही नसते.

बसचा प्रवास थांब्यापासून सुरू होतो. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली, पण पन्नाशीपुढचे लोक अजून पीएमटीच म्हणतात. नवख्या माणसाने बसवरची पाटी वाचू नये, त्यात वेळ जातो. थांब्यावरच्या मावशींना विचारावे. कुठली बस येणार, कुठली आताच गेली आणि कुठली बंद झाली हे त्यांना मोबाइलच्या ॲपपेक्षा नक्की ठाऊक असते. शिवाय कुठे उतरायचे, कोणाकडे चाललात आणि ते लोक कसे आहेत, याच्याही माहितीची देवघेव होते.

बस आली की ती थांब्याच्या थोडी पुढे थांबते, त्यामुळे प्रत्येक प्रवासात धावण्याचा व्यायाम समाविष्ट असतो. बीआरटी मार्गावर थांबा रस्त्याच्या मधोमध आणि बसचा दरवाजा उजव्या बाजूला. तिथून बस मार्गाबाहेर आली की दरवाजा डावीकडचा. उतरणारा माणूस मोठ्या धीराने गर्दी कापत उजव्या दारापर्यंत पोचतो, तेव्हा डावे दार उघडते. ‘काका, पुढे सरका, पुढं गाडी रिकामी आहे,’ असे कंडक्टर सांगतो. ही रिकामी जागा आजवर कोणालाही सापडलेली नाही. पण विजेवरच्या वातानुकूलित बसमध्ये दुपारी बारा ते चारच्या दरम्यान खिडकीची जागा मिळाली, तर स्वतःच्या गाडीतून कधी न दिसलेले पुणे दिसते. वाड्यांचे वरचे मजले, दुकानांवरच्या पाट्या आणि शेजारच्या मोटारीत एकट्याने बसून हॉर्न वाजवणारा माणूस, हे सगळे बसच्या उंचीवरूनच नीट दिसते.

मेट्रोबद्दल विनोद करायला जागा कमी आहे, कारण ती वेळेवर येते. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी असे तुकडे सुरू झाले, मग ती रुबी हॉलपर्यंत, रामवाडीपर्यंत आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर भुयारातून स्वारगेटपर्यंत गेली. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्थानकांच्या छपरांना मावळी पगडीचा आकार आहे, त्यामुळे जंगली महाराज रस्त्यावरून पाहणाऱ्याला आकाशात दोन पगड्या ठेवल्यासारख्या दिसतात. सिव्हिल कोर्टचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. सरकत्या जिन्याने खाली जाताना पुणेकर एरवी करत नाही अशी गोष्ट करतो: गप्प बसतो. तिथून स्वारगेटकडे निघाले की पुढे मुठा नदी डोक्यावरून वाहते. सायकल डब्यात नेण्यास मेट्रो परवानगी देते, ही तिची सर्वांत सज्जन गोष्ट होय. फक्त सायकल घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे सगळा डबा ‘मग ही चालवत का नाही?’ अशा नजरेने पाहतो.

खरी अडचण या वाहनांमधल्या जागेत आहे. वनाजहून रामवाडीला माणूस आरामात पोचतो, आणि तिथून खराडीच्या कचेरीपर्यंतच्या अंतराला त्याचा कस लागतो. रिक्षाला हात केला की रिक्षावाला आधी थांबतो, ठिकाण ऐकतो आणि दुःखी चेहऱ्याने मान हलवून पुढे जातो. त्याला नेमके कुठे जायचे असते हे शहरातल्या कोणालाच माहीत नाही. मेट्रोवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या शहराने स्थानकाबाहेर सावलीची शंभर पावले आणि दर दहा मिनिटांनी एक छोटी बस एवढे जमवले, तर बिनगाडीच्या लोकांची संख्या आपोआप वाढेल. हे मोटारवाल्यांच्याही हिताचे आहे, पण सिग्नलला ते त्यांना सांगायला वेळ मिळत नाही.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि सगळ्यांनाच वळसा पडतो. या दिवसांत सायकलच्या सीटवर दुधाची धुतलेली पिशवी रबराने बांधलेली दिसते. गणेशोत्सवात तर मध्यवस्तीतले रस्ते संध्याकाळी बंद होतात आणि गाडीवाले, बिनगाडीवाले हा भेद दहा दिवस मिटतो. २०२५ पासून मंडई आणि कसबा पेठ स्थानकांतून लोक थेट मानाच्या गणपतींसमोर उगवू लागले. त्या गर्दीत गाडी कुठे लावली याची चिंता ज्याच्या चेहऱ्यावर नसते, तो बिनगाडीचा.

रविवारी सिंहगडावर या दोन जमातींची समोरासमोर गाठ पडते. स्वारगेटहून पन्नास नंबरची बस गडाच्या पायथ्याशी सोडते आणि तिथून पायवाटेने चढायचे असते. मोटारी घाटरस्त्याने वर जातात, म्हणजे जायला निघतात. सुट्टीच्या सकाळी घाटात रांग लागली की पायी चढणारा माणूस गडावर पोचून पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही संपवतो, तेव्हा त्याच्या सोसायटीतले शेजारी शेवटच्या वळणावर एसी लावून बसलेले असतात. ज्यांना हाच घाट सायकलने करायचा आहे त्यांनी चढण्याची चिंता करू नये, दमल्यावर माणूस आपोआप उतरून ढकलू लागतो. उतार मात्र तीव्र आहे. ब्रेकचे रबर आदल्या दिवशी बदलून घ्यावे.